उष्टा पेढा

लालासाहेबाचं नाव निघालं की अजून माझ्या अंगाची लाही लाही हुती. चुलतसासरा असंल न्हाईतर आणि कुणी, म्या त्याला आता अहोजाहो करत न्हाई.

कोरोनाच्या साली आमचं मालक, रविराज, फौजेतनं रिटायर होऊन म्हसवडला एस्टीतनं उतरलं, ते आमच्या खेड्यातल्या घरी आलंच न्हाईत. "रेल्वेत लय गर्दी हुती. थोडं दिस मळ्यातल्या शेडात ऱ्हातो," म्हनलं. घरात माझं सासरं, हंबीरराव. त्यास्नी जुना दमा. म्या ताट बांधावर ठिवायची आन लांबनंच बोलायची.

दोन दिस गेलं न्हाईत तवर लालासाहेब जीप आन हलगी घिऊन शेडापुढं हजर! ग्रामपंचायतीला उभं ऱ्हायचं हुतं ना मेल्याला. "फौजी गावात आला आन मिरवणूक न्हाई? गाव काय म्हनंल?"

म्या आडवी आले. "आवं, मामंजींस्नी दमा हाय. जरा दम धरा की!"

"तू गप गं. फौजीला कसला आलाय रोग?"

वढतच नेलं मालकास्नी. निम्मं गाव जीपला चिकटलेलं, मास्क सगळ्यांचं हनुवटीला. घरापुढं मामंजींस्नी उभं केलं. आमच्या भावकीत रीत हाय, फौजीनं पेढा चावायचा आन उरलेला बापाच्या तोंडात घालायचा. मालकांनी पेढा चावला, पन हात मागं घेतला.

"बापाला पेढा द्यायला लाजतोस व्हय रं?" लालासाहेब सगळ्यांदेखत वरडला.

मामंजींनीच तोंड उघडलं. लेकाकडं बघून हसलं बिचारं.

आठवड्यात त्यास्नी धाप लागली. साताऱ्याला दवाखान्यात नेलं, ते परत आलंच न्हाईत. गावात घरटी माणूस आजारी. आन लालासाहेब सांगत सुटला, "रविराजनं रोग आणला, सख्खा बाप खाल्ला."

मालकांच्या कानावर गेलं. तवापासनं ते घराची पायरी चढंनात.

म्या लालासाहेबाच्या दारात गेले. "चल शेडात! माझ्या नवऱ्यापुढं सांग, मिरवणूक तूच काढलीस, पेढा तूच द्यायला लावलास!"

तोंडाला मास्क लावून त्यो आत सोप्यात उभा. म्हनतो कसा, "लांबनंच बोल, सूनबाई. अंतर ठेवायचा नियम हाय."

आग लागो त्याच्या नियमाला! गल्ली गोळा हुईस्तवर म्या त्याला बोलले. त्यानं दार लावून घेतलं.

साथ कवाच सरली. लग्नं, जत्रा समदं सुरू झालं. मालक अजून बांधावरच जेवत्यात. म्या ताट घिऊन जवळ गेले की म्हनत्यात, "ठेव तिथंच. मागं सर."