बांधावरचा धाकटा अडुळसा

नुसती फांदी खोचली तरी आम्ही जगतो. मग माझ्या थोरल्या भावाला भर वैशाखात मुळासकट का उपटलं? कुणीच सांगत नाही. मी पुनावळ्याच्या बांधावरचा धाकटा अडुळसा बोलतोय, आणि मला राग आलाय.

आम्ही दोघं एकाच झाडाच्या फांद्या. कौशल्याबाईंनी पावसाळ्यात शेजारी शेजारी खोचल्या. त्याने आधी मूळ धरलं, म्हणून तो थोरला.

शाळा आम्हाला ठाऊक नाही, पण खोकला ओळखू येतो: कोरडा, कफाचा, कामचुकाराचा. गुरं आम्हाला तोंड लावत नाहीत. माणसं मात्र दिसेल ते ओरबाडतात. पिकली पिवळी पानं रसाला चांगली, तर ती पायाखाली आणि कोवळे शेंडे पदरात! खोकला सरला की आमच्यावर धोतरं वाळत घालायची.

यंदा कौशल्याबाईंचा मुलगा दत्तोबा पिंपरीला नव्या कारखान्याच्या बांधकामावर जाऊ लागला. एकदा शेजारीण बांधावर पाला तोडताना दिसली आणि त्याचं डोकं फिरलं.

"गावाला फुकटचा दवाखाना झालाय! दारातच लावतो, मग बघतो कोण हात लावतंय."

"आरं, पाऊस तरी पडू दे. फांदी खोच की!" आई ओरडत राहिली.

त्याने कुदळ घातली. थोरल्याला दारात पुरलं आणि पाणी घालायला विसरला. तो उभ्या उभ्या वाळला.

मग सिमेंटच्या धुळीने दत्तोबाच्या छातीत खोकला बसला. मुकादमाने बजावलं, खोकत येणार असशील तर येऊ नकोस. घरात कमावता तो एकटाच.

आज कौशल्याबाई माझ्याकडे आल्या. एकही पान देऊ नये असं वाटलं, पण धरून ठेवायला मला मूठ कुठे आहे? त्यांनी पिवळी पानं वेचली, घरी नेली आणि रस काढण्यासाठी चुलीवरच्या तव्यात शेकायला टाकली.

"आये, लई कडू असतंय ते."

"मग? दारातला दवाखाना तूच वाळवलास न्हवं? आता गपगुमान पी."

पाऊस आला की माझी एक फांदी थोरल्याच्या खड्ड्यात खोचा, एवढंच मागणं आहे. उपटू नका.

तव्याखालून ओळखीचा वास आला. दारातल्या वाळक्या फांद्याच त्यांनी जाळायला घेतल्या होत्या. चुलीत थोरला होता.

ओरडणार होतो. तेवढ्यात दत्तोबाला उबळ आली. त्याचा श्वास परत येईना.

भाऊ खालून तापवत होता. मी मऊ झालो, आणि कौशल्याबाईंनी फडक्यात पिळलं तेव्हा होता नव्हता तेवढा रस देऊन टाकला.