बहिणीला दिलेली गाडी

अण्णांचं, आमच्या वडिलांचं, तेरावं झालं, पाहुणे जेवून उठले, आणि माझा धाकटा भाऊ दीपक अण्णांच्या मोटरसायकलची किल्ली माझ्या हातात ठेवून रडला. "ताई, ही तूच ने. अण्णांचा जीव होता तुझ्यावर. मागचा ब्रेक आत्ताच करून घेतलाय."

पंचवटीतलं घर त्याच्या एकट्याच्या नावावर करायचं होतं. त्यासाठी माझी हक्कसोडीची सही लागणार होती. ती मागायच्या आधी त्यानं गाडी दिली. मी म्हटलं, सोमवारी ये, करते सही. आमच्यात बहिणी सही करतातच. जी करत नाही तिला माहेर उरत नाही.

गाडी सासरी निफाडला आणली. दुसऱ्याच दिवशी लेकीला, सृष्टीला, शाळेत सोडायला निघाले. पुढं उसाची ट्रॉली अचानक थांबली. पेडल दाबलं, ते पार खाली गेलं आणि गाडी तशीच पुढं. पुढचा ब्रेक आवळला तर खडीवर घसरलो. पोरीचं कोपर सोललं.

दुपारी गाडी मेन स्टँडवर घेतली. ब्रेक उघडायला मला अण्णांनी शिकवलेलं. दीपकला नाही, त्याचे हात काळे होत.

आधी वाटलं, पेडलपासून मागच्या चाकाकडं जाणारा रॉड सैल असेल. मागचा नट आवळला. पेडल वर आलं, पकड आली नाही. चाकातले ब्रेकचे शू झिजतात तसा हा नट पुढं पुढं आवळावा लागतो. इथं नटाच्या पुढं आटे अजून भरपूर शिल्लक, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं शू नवे आहेत. मग वाटलं, ड्रममध्ये ग्रीस उतरलं असेल. चाक काढलं. ड्रम कोरडा ठणठणीत. शूवर लायनर, म्हणजे ड्रमला घासणारा थर, नावालाच होतं, एका बाजूला नुसता धातू, आणि त्यानं ड्रमला चरे पाडलेले.

मग आटे कसे शिल्लक? रॉड ज्या आर्मला ओढतो तो आर्म शू फाकवणाऱ्या कॅमच्या दात्यांवर बसतो. कॅमच्या टोकाला ठिपका असतो, आर्मवरची खूण त्याच्यासमोर यायला पाहिजे. इथं आर्म काढून सरकवून बसवला होता. शू संपले की काही लोक असं करतात. पेडल चार दिवस टाइट लागतं, शू तेच राहतात.

पहिला राग मेकॅनिकचा आला. अण्णांची गाडी पंचवटीत कारभारीमामांकडंच जायची. फोन लावला.

"मामा, आर्म कुणी फिरवला?"

तिकडचं ठोकणं थांबलं.

"मीच. मी त्याला म्हणलं, शू टाक, ड्रम बी गेलाय. तो म्हणला, राहू द्या मामा, ताईकडं जायचीये. पेडल तेवढं टाइट करा."

"आणि तुम्ही केलं."

"गिऱ्हाईक तो होता, बाई."

"आणि चालवणार कोण होतं?"

त्यांनी फोन ठेवला.

लेथवाल्याकडून ड्रम घासून आणला. नवे शू टाकले, आर्म खुणेवर बसवला. ब्रेक लागायला लागला.

सोमवारी दीपक कार घेऊन आला. "आवर ताई, रजिस्ट्रार ऑफिसला नंबर लावलाय."

मी जुने शू त्याच्यापुढं टाकले. "हा तू करून घेतलेला ब्रेक."

"कारभारीमामा लबाड आहे गं. मी काय चाक उघडून बघू?"

"त्यांच्याशी बोललेय मी."

मला त्याचं तोंड बघायचं होतं. त्यावर लाज नव्हती. कंटाळा होता.

"मला काय माहीत तू खरंच चालवशील. वाटलं, भाऊजी भंगारात देतील. आज विषय गाडीचा नाहीये, सगळे थांबलेत तिकडं."

"सृष्टीचं कोपर बघ."

त्यानं घड्याळ बघितलं. "पोरं पडतात."

"मी सही करत नाही, दीपक."

"एका गाडीसाठी?"

"हो, तसंच सांग सगळ्यांना. भंगार गाडीसाठी बहीण फिरली म्हण. तुझंच ऐकतील."

"घर पाहिजे होतं तर आधीच तोंडानं म्हणायचं."

"तेव्हा नको होतं. आता पाहिजे. अर्धं."

तो कारमध्ये बसला, काच वर केली आणि गेला. संध्याकाळपर्यंत आत्याचे, काकांचे, चुलतभावांचे फोन येत राहिले. सगळ्यांनी मला अण्णांच्या आत्म्याची शपथ घातली. पोरीला किती लागलं, हे एकानंही विचारलं नाही.