उत्तरेच्या कपाटावरचं कासव

“दयाराम, ये बरनी खिड़की में रख दो. थोड़ी धूप तो लगे बेचारे कछुए को,” नरहरराव म्हणाले.

“नहीं बाबूजी,” दयाराम शिपाई दोन पावलं मागेच सरकला. “साहब बोले हैं, उत्तर दिशा से नहीं हटाना. मोर नौकरी के सवाल हे.”

राज्य नवीन, राजधानी नवीन, कचेरी मात्र जुन्या इस्पितळाच्या इमारतीत. नरहरराव देवघरे बसायचे त्या खोलीच्या दारावर ‘प्लास्टर कक्ष’ ही अक्षरं अजून पुसट दिसत. तिथे बसून ते सरकारी घरांच्या वाटपाची यादी सांभाळायचे. जुन्या राजधानीतून, भोपाळहून, माणसांचा लोंढा आलेला, घरं मोजकी. कोणाचाही नंबर पुढे सरकवायचा नाही, हा नरहररावांचा बाणा. स्वतः ब्राह्मणपाऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचे.

यादीत खुद्द कचेरीचे साहेब अकरावे. कोणा वास्तुवाल्याने त्यांच्या डोक्यात भरवलं होतं की जिवंत कासव पाण्याच्या काचेच्या बरणीत घालून यादीच्या कपाटावर उत्तरेला ठेवा, बंगला आपोआप चालत येईल. म्हणून ते पुरीएवढं पिल्लू दिवसभर काचेवर पाय मारत असायचं. चढायला दगड नाही, टेकायला कोरडी जागा नाही. माणसांना घरं वाटणाऱ्या खोलीत एका जिवाला पाय टेकायला जागा नव्हती आणि याची कोणाला लाजही वाटत नव्हती.

एका सोमवारी पाणी बदलताना नरहररावांनी पिल्लाला हातात घेतलं. पाठ अंगठ्याखाली दबली, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी. डोळे सुजलेले, नाकाशी बुडबुडे. ते तडक साहेबांकडे गेले.

“सर, कछुआ बीमार है. डॉक्टर को दिखा लाता हूँ.”

साहेबांनी फाइलीतून मान वर केली नाही. “देवघरे जी, लिस्ट में मेरा नाम ऊपर कर दीजिए. जिस दिन ऑर्डर निकला, कछुआ आपका.”

नरहररावांच्या अंगाची लाही लाही झाली. यादीत पहिली होती विजया सोनटक्के नावाची नर्स. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याला घेऊन भनपुरीत ट्रकांच्या गॅरेजमागे राहणारी. तिच्या डोक्यावर यांचा बंगला चढवायचा? त्यांनी यादी कुलपात टाकली आणि कासवाला दवाखान्यात नेण्याच्या परवानगीचा रीतसर अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवला.

“अर्ज?” घरी इंदूने, त्यांच्या बायकोने, लाटणं थांबवलं. “यादीले हात नाही लावला, बरं केलं. पन अर्ज काहून? उचलून आनाचं होतं.”

“परवानगीबिगर कसं आनू? कचेरीतली वस्तू आहे ते.”

“वस्तू?” इंदूने लाटणं पोळपाटावर आपटलं.

आठ दिवस अर्ज टेबलावर पडून राहिला. नरहरराव रोज डोकावून बघत. नवव्या दिवशी काचेवरचे पाय थांबले. तेव्हा कुठे त्यांनी पिल्लाला उचललं, डब्यात रुमाल अंथरला आणि भर दुपारी जनावरांचा दवाखाना गाठला.

गाईम्हशींच्या गर्दीतून डॉक्टर क्षमा पुढे आली. नरहररावांची मुलगी शोभेल अशा वयाची, तीही मराठीच.

“काका, याले पान्यात कोनं ठेवलं? जमिनीवरचं कासव आहे हे, पोहता येत नाही याले. कोरडी माती पाहिजे, सकाळचं ऊन पाहिजे, खायला पाला, पाठीसाठी कॅल्शियम. पानी फक्त बशीभर, प्यायले. आन खरं म्हंजे घरी पाळाचं जनावरच नाही हे, जगलं तं जंगल खात्याले द्या.” तिने बारीक सुई टोचली. “छाती भरली आहे याची. आठ दिवस आधी आनलं असतं, तं वाचंल म्हनून सांगितलं असतं.”

नरहररावांनी रुमाल सारखा केला आणि पिल्लाला परत डब्यात ठेवलं.

इंदूने लाकडी खोक्यात माती घातली, अर्ध्यावर सावलीला गोणपाट टाकलं आणि खोकं गच्चीवर ठेवलं. दुसऱ्या सकाळी पिल्लू उन्हात चार पावलं चाललं. त्याच्या नखांत माती अडकलेली नरहरराव कचेरीची वेळ होईपर्यंत बघत बसले. तिसऱ्या दिवशी ते मेलं.

साहेबांना दुःख झालं ते वेगळंच. उत्तरेची वस्तू परवानगीशिवाय का हलवली, याचा लेखी खुलासा त्यांनी मागितला.

“लिख दो बाबूजी, बीमारी से मर गया,” दयाराम हळूच म्हणाला. “बात खतम.”

“बीमारी से नहीं मरा, दयाराम.”

त्यांनी कागद ओढला आणि लिहिलं. कासव पाण्यात ठेवायला लावणारे, साहेब. ते मरतंय हे दिसत असताना आठ दिवस परवानगीची वाट पाहणारा, मी. खाली सही केली, हुद्दा लिहिला, तारीख घातली. कागद फाडून टाकता येऊ नये म्हणून रजिस्टरात चढवून त्यावर नंबर घातला. मग ते कागद घेऊन उठले आणि आयुष्यात पहिल्यांदाच, आत येऊ का हे न विचारता, साहेबांच्या खोलीत गेले.