वरचं काम

इन्सुलेटरच्या फुटक्या कडेवर ऊन अडकलं होतं. विजेच्या खांबावरून, दोराला बांधलेल्या पिशवीतून तो आत्ताच खाली आला होता आणि तिच्या तळहातावर अजून गरम होता – वरचं गरम, इथल्यापेक्षा निराळं, असं तिला वाटलं आणि मग स्वतःचंच हसू आलं. चिनी मातीच्या त्या घड्यांवरून तिनं बोट फिरवलं. घड्या कशासाठी? पावसात आतली बाजू कोरडी राहावी म्हणून, आणि निसटणाऱ्या विजेला खांबापर्यंत पोचायला लांबचा रस्ता पडावा म्हणून... पेपरात मात्र ‘गळती प्रवाहाचा मार्ग’ असं लिहायचं. उद्या हा प्रश्न आला तर बरं.

“झोपलीस का गं खाली? नवा पाठव!” वरून मिस्त्रीकाका ओरडले.

तिनं नवा इन्सुलेटर पिशवीत घालून दोर ओढला. पिशवी झुलत वर निघाली. लाइनवर लागल्यापासून तिचं काम हेच – पाठवायचं आणि बघत राहायचं. लेखी परीक्षा पास झाल्याशिवाय खांबावर पाय ठेवायचा नाही, हा नियम. प्रशिक्षणात मात्र ती चढली होती, सरावाच्या, वीज नसलेल्या खांबावर. कमरेच्या पट्ट्यावर भार टाकून मागे रेलली तेव्हा पाठीशी काहीच नव्हतं, नुसता वारा, आणि कुणीही तिला हाक मारत नव्हतं... त्या घटकेची ओढ अजून गेली नव्हती. भांडी घासताना, बसची वाट पाहताना, केव्हाही ती पोटात भुकेसारखी जागी व्हायची. मला तिथं जायचंय. बस, एवढंच.

घरी ताई पुस्तक धरून प्रश्न विचारायची. “ट्रान्सफॉर्मरमध्ये तेल कशाला घालतात? तळायला नाही, एवढं मला पण कळतं!” आणि स्वतःच खो खो हसायची. मग एकदम थांबून म्हणायची, “तुला भीती कशी वाटत नाही गं?” वाटत होती की, पण पेपरची. शाळा सुटून किती वर्षं झालेली, आणि हाताला ठाऊक असलेलं कागदावर उतरायलाच तयार नव्हतं.

काम आटोपून मिस्त्रीकाका उतरू लागले आणि मध्येच थांबले. पट्टा अडकला असेल, असं तिला वाटलं. पण त्यांनी कपाळ खांबाला टेकवलं होतं.

“काका?”

“गुडघा...”

“शिडी लावू?”

“गप उभी राहा. बोभाटा नको.”

जरा वेळानं त्यांनी मान फिरवली आणि छपरांच्या पलीकडे कुठंतरी बघत राहिले. कळ थांबली असणार – चेहरा सैल झाला होता – तरी ते उतरेनात. एखाद्याच्या घरात न विचारता डोकावल्यासारखं होऊन तिनं दोराची गुंडाळी करायला घेतली.

खाली आल्यावर ते गाडीला टेकून बसले, गुडघा चोळत.

“उद्या नीट लिही हो. साहेबांचं ठरलंय. तू पास झालीस की वर तू, दोरावर मी.” ते हसले. “खालचं काम मला कुठं येतंय? शिकवशील ना?”

“काहीतरीच काय, काका!” ती म्हणाली. वर जागा आहे आणि ती आपल्याला हवी, एवढंच तिनं आजवर पाहिलं होतं. त्या जागेवर कुणीतरी आयुष्य काढलंय, हे रोज डोळ्यांसमोर असून... आणि वाईट हे, की ओढ जराही कमी झाली नव्हती. उलट साहेबांचं ठरलंय हे ऐकताच छातीत काहीतरी उसळलं होतं, त्यांच्या गुडघ्याची पर्वा न करता.

संध्याकाळी ताईनं पुस्तक उघडलं. “खांबावर चढण्याआधी कशाची खात्री कराल?”

पुरवठा बंद आहे, तारा जमिनीशी जोडून अर्थ केलेल्या आहेत, कामाचा परवाना हातात आहे... सगळं उत्तर आज प्रथमच पुस्तकातल्यासारखं, सरळ, न अडखळता समोर उभं राहिलं.

“येत नाही का?”

“येतंय.”

“मग बोल की.”

आज सकाळपर्यंत उद्या कधी उजाडतो असं झालं होतं. आत्ताही तिला पास व्हायचं होतं, पूर्वी कधी नव्हतं इतकं. आणि पेपर अजून थोडा लांब असता तर... थोडाच, काकांचं वरून बघून होईपर्यंत... असंही तितक्याच जोरानं वाटत होतं. दोन्ही खरं होतं. ताई पुस्तकात बोट घालून तिच्या तोंडाकडे पाहत होती.