दोन सह्यांचा नियम

धरमपेठेतल्या विचारमंडळाचे चिटणीस दत्तोपंत नियमाचे पक्के होते, आणि त्याला कारणही होतं. एकाहत्तरच्या निवडणुकीत एक गृहस्थ खोटं नाव सांगून मंडळात शिरला, ऐन चर्चेत पत्रकं वाटू लागला आणि अडवल्यावर मारामारीवर उतरला. खुर्च्या मोडल्या. सभागृहाचा मालक पुन्हा जागा द्यायला राजी होईना. त्याची कशीबशी समजूत घातल्यावर दत्तोपंतांनी नियमच केला: दोन जुन्या सभासदांच्या सह्या आणल्याशिवाय कुणाला घ्यायचं नाही. भांडणं थांबली, तशी नवी माणसंही यायची थांबली. दर बुधवारी तीच मंडळी एकमेकांना तीच मतं ऐकवत बसायची.

अशात एका बुधवारी सक्करदऱ्याहून गोपिका आली. विशीबाविशीची, मॅट्रिक झालेली, तिथल्या एका घरची सून. "मले चर्चेत बसाचं आहे," ती दारातूनच म्हणाली.

दत्तोपंतांनी नियम सांगितला.

"पण मी इथं कोणालेच ओळखत नाही. सही कोण देईन?"

दत्तोपंतांना तिचं म्हणणं पटलं, तरी त्यांनी नकारार्थी मान हलवली. गोपिका माघारी वळली. मागच्या खुर्चीवरून निवृत्त मुख्याध्यापिका यमुताई उठल्या आणि तिचा पत्ता विचारून आल्या.

"दत्तोपंत, माणूस पारखायची गरज आपली आहे ना?" त्या म्हणाल्या. "मग पायपीट तिनं का करायची? उद्या आपणच जाऊ."

दुसऱ्या दिवशी दोघं रिक्षानं सक्करदऱ्याला गेली. दारात गोपिकेची सासू जिजाबाई तांदूळ निवडत बसली होती. तिनं दोघांना पाट दिले, पाणी दिलं, आणि सूप बाजूला सारून विचारलं, "तुमी कोण? आमच्या सुनेले काहून बोलावून राहिले?"

दत्तोपंत गडबडले. चौकशी करायला ते आले होते आणि उत्तरं त्यांनाच द्यावी लागत होती. मंडळात कोण कोण येतं, बाया किती, दिवेलागणीच्या आत सुटतं की नाही, मारामाऱ्या होतात का? शेवटच्या प्रश्नावर त्यांनी खाली पाहिलं. यमुताईंनी मात्र काही लपवलं नाही. मोडलेल्या खुर्च्यांचं सगळं सांगितलं, आणि म्हणाल्या, "म्हणूनच आम्ही घर बघायला आलो, जिजाबाई. तुम्हीही आम्हाला बघून घ्या."

जिजाबाई हसली. "पोरगी घरात रोज वाद घालते. तिकडंच घालू द्या. जा वं गोपिका, चहा टाक."

परतताना रिक्षात दत्तोपंतांनी एकेक सभासद आठवून पाहिला. सह्यांच्या भरवशावर त्यांनी आजवर एकाही सभासदाचं घर पाहिलं नव्हतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. शेजारी बसलेल्या यमुताईंबद्दल त्यांना फार आदर वाटला. यमुताईंनी दार सताड उघडलं नव्हतं. फक्त उंबऱ्याशी ताटकळणाऱ्याचा त्रास स्वतःकडे घेतला होता.

पुढच्या बैठकीत दत्तोपंतांनी आपणहून नियम बदलला. ज्याला यायचं त्यानं पहिल्या दिवसापासून बसावं, ऐकावं. बोलण्याआधी मात्र मंडळाचे दोघं त्याच्या घरी चहाला जातील. काहींनी नाकं मुरडली. पण महिन्याभरात कळमेश्वरचे रुपराव आले, त्यांच्यामागून त्यांचे शेजारी चंद्रभान. इस्त्रीच्या कपड्यातला एक गोडबोल्या गृहस्थ दोन वजनदार सह्या घेऊन आला. "चहाला कधी येऊ?" असं यमुताईंनी विचारताच त्यानं घराला रंग चालू असल्याचं सांगितलं. पुढं तो फिरकला नाही.

गोपिका पहिल्यांदा बोलायला उभी राहिली तेव्हा विषय मुलींच्या शाळेचा होता. "आमच्या तिकडं सातवीनंतर पोरी घरी बसतात," तिनं सुरुवात केली, आणि पहिल्या रांगेतल्या मार्तंडरावांनी उठून तिचं म्हणणं लगेच खोडून काढलं. तिनं त्यांचं पूर्ण ऐकून घेतलं.

"तुमी आमच्या घरी चहाले आलेच नाही, काका," ती म्हणाली. "या एकदा. वाटेत घरी बसलेल्या पोरी दाखवीन तुमाले."

सभागृह हसलं, मार्तंडरावही हसले, आणि रविवारी यायचं कबूल करून खाली बसले. दत्तोपंत चर्चा टिपून घेत होते. त्यांनी लेखणी थांबवली आणि गोपिकेला पुढे बोलायची खूण केली.