काठोकाठ प्याला

शाहपेरीनं प्याला इतका भरला की चहा काठाच्याही वर किंचित फुगून राहिला. ओयनिहोलचा चेहरा उतरला. इथं ताजिकिस्तानातल्या वाहदातमध्ये पाहुण्याला चहा अर्ध्याहून कमी ओततात. पुन्हा पुन्हा ओतता यावा, पाहुणा बसावा म्हणून. भरलेला प्याला म्हणजे प्या आणि निघा.

ओयनिहोल आली होती तिच्या वर्गातल्या निलाबसाठी. अफगाणिस्तानातल्या हेरातहून आलेली ही मुलगी दोन महिने वर्गात एक अक्षरही बोलली नव्हती, आणि नवरोजनंतर तिची आई शाहपेरी तिला शाळेतून काढणार असं कानावर आलं होतं. ते थांबवायचं होतं. पण ओयनिहोलनं एक घोट घेतला, उशीर होतोय म्हणाली आणि विषय न काढताच उठली.

निर्वासित मुलांना शिकवणाऱ्यांसाठी शनिवारी प्रशिक्षण असे. तिथं घरभेटीत काय झालं ते सांगायचं होतं.

"त्यांना आपण नकोच आहोत," ओयनिहोल म्हणाली.

"मत नको," प्रशिक्षण देणाऱ्या सओदतआपा म्हणाल्या. "घडलं काय ते सांग. विज्ञान शिकवतेस ना? प्रयोगवहीत लिहितेस तसं."

सांगत सांगत ती प्याल्यापर्यंत आली, तोच मागच्या बाकावर गुलअंदाम खुसखुसली. "अगं वेडे, माझी शेजारीण हेरातचीच. पहिलं वर्षभर मी तिला तळापुरताच चहा द्यायचे. ती गल्लीभर सांगायची, बाई चांगली आहे, पण भारी चिकट."

सगळ्या हसल्या. ओयनिहोलला हसू आलं नाही. "म्हणजे तिनं मला मान दिला, आणि मी तो तसाच टाकून आले."

"मग इथं काय करतेस?" सओदतआपा म्हणाल्या. "तुझं आजचं प्रशिक्षण संपलं. जा."

शाहपेरीनं दार उघडलं, पण ती हसली नाही. ओयनिहोलनं उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं.

"आणि निलाब म्हणाली, बाई आपल्या घरचं पीत नाहीत," शाहपेरी सावकाश म्हणाली. "मी म्हटलं, मग अशा शाळेत जायचंच कशाला."

"आज पिणार. भरा."

एकामागून एक दोन प्याले काठोकाठ भरून झाले. ओयनिहोलनं ते तळापर्यंत संपवले आणि मग विचारलं, "नवरोजनंतर पाठवाल ना तिला?"

शाहपेरीनं चहादाणी उचलली आणि तिसऱ्या प्याल्यात जपून, नजर न हलवता चहा ओतला. धार मध्येच थांबवली.

"तुमच्या रीतीनं बरोबर आहे का, बाई?"

"अगदी."

"मग बसा. पाठवते तिला."

पडद्याआडून एक बारीक आवाज आला. "आई, अर्ध्याच्या वर गेलाय. बाईंना वाटेल, निघायला सांगतेस."

दोन महिन्यांत ओयनिहोलनं ऐकलेलं निलाबचं ते पहिलं वाक्य. तिनं प्याला उचलून वरचा चहा पिऊन टाकला आणि पडद्याकडे धरला.

"आता बघ बरं."