कोमट पत्रा

"मामा, चला ना! साहेब भाषणाला उभे राहिलेत," इंजिनिअरबाई जिना उतरता उतरताच ओरडल्या.

"बसवा त्यांना. पत्रा अजून कोमट झाला नाही."

मामा म्हणजे भट्टीमामा. एकतीस वर्षं कारखान्याच्या भट्टीपुढे काढल्यावर त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. आज त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस. वर हॉलमध्ये फुलं, खुर्च्या, माणसं, सगळं सज्ज होतं आणि उत्सवमूर्ती मात्र खाली तेलाच्या हौदाशेजारी एका पत्र्याची राखण करत बसली होती.

हा पत्रा म्हणजे लष्करी गाड्यांच्या दारांना लावायचं नवं चिलखत, जुन्याच्या निम्म्या वजनाचं आणि स्वस्त. मामांची मुलगी लष्करात जखमींची गाडी चालवायची. गेल्या सुट्टीत ती सहज बोलून गेली होती, "जुने पत्रे आम्ही काढूनच ठेवतो, बाबा. त्या वजनानं गाडी चिखलात रुतते." त्या दिवसापासून मामांना घास गोड लागत नव्हता.

आणि हा नवा पत्रा दोन चाचण्यांत गोळी लागताच फुटला होता. महागडा धातू मिसळावा, तर स्वस्ताईवर पाणी पडणार. तिसऱ्यांदा फुटला तर काम बंद, असं साहेबांनी बजावलं होतं. मग आठवड्यापूर्वी एका सकाळी, कुणी हातही न लावलेल्या पत्र्यातून 'टक्' असा आवाज मामांनी ऐकला. त्यांनी त्याला रॉकेल चोळलं, पुसलं, वरून खडू घासला. आत मुरलेलं रॉकेल खडूवर झिरपून केसाएवढी ओली रेघ उमटली. पत्रा गोळीच्या आधीच तडकत होता! संध्याकाळी भट्टीत लाल तापवून तेलात विझवलेला पत्रा सकाळच्या पाळीची वाट बघत पार गार पडायचा, आणि तिथेच घात व्हायचा. हाताला सोसेल इतका कोमट असतानाच त्याला पुन्हा मंद आचेवर ठेवायला हवं होतं.

"मामी भडकल्यात वर," बाई म्हणाल्या. "म्हणतात, घरात समोरची मिठाची बरणी दिसत नाही यांना, आणि पत्र्यातली रेघ बरी दिसते!"

"तिला म्हणावं, एकतीस वर्षं थांबलीस, अजून वीस मिनिटं थांब."

वीसची चाळीस झाली. शेवटी मामांनी पत्र्यावर तळहात टेकवला, तीन आकडे मोजले आणि म्हणाले, "धरा!" दोघांनी मिळून पत्रा धाकट्या भट्टीत सरकवला. मागे वळून बघतात तो साहेब, मामी, फुलं, खुर्च्या, अख्खा समारंभ जिना उतरून खाली आलेला! भट्टीच्या उकाड्यात साहेबांचं भाषण निम्म्यावर आटोपलं आणि लोकांनी अगदी मनापासून टाळ्या वाजवल्या.

दहा दिवसांनी चाचणी झाली. मुलगी सुट्टीवर आली होती. बाईंनी दोघांसाठी पाहुण्यांचे पास काढले. पहिल्या गोळीला मामांनी डोळे मिटले, ते तिसरी सुटली तरी उघडले नाहीत.

"बाबा, बघा तरी!"

पत्रा उभाच होता. समोर तीन खळगे, मागे तीन फुगवटे. बाईंनी खडूचा तुकडा पुढे केला. मामांनी प्रत्येक फुगवट्यावर रॉकेल लावलं, पुसलं, खडू घासला. पांढरं ते पांढरंच राहिलं. बाईंनी इंजिनिअरपण विसरून टुणकन उडी मारली. मामांना हसू आवरेना आणि रडूही.

मुलीने पत्रा उचलून एका हाताने अंगाशी धरला, गाडीचं दार असतं तसा. "अय्या, किती हलका! हा राहू दे गाडीवर."

"काढणार नाहीस ना?"

"नाही हो बाबा. शप्पथ!"

मामांनी पत्र्यामागे हात घातला. मधला फुगवटा बरोबर तिच्या बरगडीपाशी आला होता. त्यांनी त्याच्यावरून अंगठा फिरवला, एकदा, मग पुन्हा एकदा. कुठेही बोचलं नाही.

"चल," ते म्हणाले, "आई जेवायची थांबली असेल."